ड्रायव्हरमागची सीट

"दोन घरांची भांडी एके घमेलान नको टाकू गो बाय. झाकना बदलतान, मंग कवाच बसत नाय."

सासूबाई असं म्हणाल्या तेव्हा मी हसले होते. रविवारची सकाळ होती. मी पाने, ऑइलचा डबा, जुनी चादर आणि त्यांचं स्टीलचं घमेलं गाडीत ठेवत होते. म्हटलं, "आई, आम्ही भांडी घासायला नाही, सीट बदलायला चाललोय."

"तेच तं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

माझं सासर मोहन्याचं. इथे हळदीला अख्खं गाव जेवायला असतं आणि पातेली पाच घरांतून येतात, म्हणून प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं. सासूबाईंच्या चमच्यांवरसुद्धा 'ठमाबाई' असं कोरलेलं आहे. पण बोल्टवर कोण नाव घालतं?

सीट का बदलायची होती ते सांगते. आमची गाडी सात माणसांची. मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या, त्यांना कॅप्टन सीट म्हणतात. एकीवर समृद्धीची लहान मुलांची सीट बांधलेली, दुसरीवर सासूबाई, आणि मी सगळ्यात मागे. समृद्धी चार वर्षांची आहे. डिसेंबरात शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तिला तापात झटका आला. तिची मान एका बाजूला वळलेली मला मागून दिसत होती आणि माझा हात तिच्यापर्यंत पोचत नव्हता. सासूबाई "पोरगी बघ, पोरगी बघ" ओरडत होत्या. मी खुर्च्यांच्या मधून कशी पुढे गेले मला आठवत नाही. गुडघे फुटले होते एवढं नंतर कळलं. डॉक्टर म्हणाले, वय वाढलं की जातं हे. जात असेल. पण मी प्रितमला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं, मागे मी बसणार नाही. मधे सलग बाकडं पाहिजे. ती, मी आणि आई, एका रांगेत.

या गाडीवाल्यांचा एक ग्रुप आहे. त्यावर रत्नदीप भेटला. गाडी तीच, पण त्याच्याकडे बाकडं. त्याला आमच्या खुर्च्या हव्या होत्या, कारण त्याच्या आईचे गुडघे गेलेत आणि खुर्चीला दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे असतात. तो दिव्याला राहतो. नुसती अदलाबदल करायची ठरलं. गॅरेजवाल्याने दोन्ही गाड्या दोन दिवस ठेवा म्हटल्यावर दोघं पुरुष म्हणाले, व्हिडिओ आहेत की, आपणच करू. शीळफाट्याजवळ एका बंद हॉलच्या मागे मोकळी जागा होती, तिथे भेटायचं ठरलं.

रत्नदीप बोलका माणूस. बाकडं उचलताना प्रितम दम घ्यायला थांबला तर म्हणतो, "वहिनी, यांना सांगा, सासरी जेवायला आल्यासारखं नका करू. उचला त्या बाजूने!"

"तू हसणं बंद कर आधी, तुझ्या बाजूने खाली चाललंय," प्रितम म्हणाला.

ते बाकडं त्यांनी मैदानात गवतावर ठेवलं आणि मी नि रत्नदीपची आई त्यावर बसलो. मंदाकिनी आजी. आजूबाजूला धुरळा, कंटेनरांचे हॉर्न, आणि आम्ही दोघी दिवाणखान्यात बसावं तशा. समृद्धी त्यांच्या मांडीवर. त्यांनी पिशवीतून खोबऱ्याची वडी काढून तिला दिली, आणि मी ती अर्धी मोडून परत घेतली, घशात अडकेल म्हणून. त्यांनी ते बघितलं.

"सारखी काय गं बघतेस पोरीकडे? श्वास मोजतेस?"

मी हो म्हटलं. खरंच मोजत होते.

"मोज," त्या म्हणाल्या. "मी पण मोजायची. याला लहानपणी दमा होता. आमचे हे म्हणायचे, बाई वेडी झालीय. होऊ दे वेडी. पोर जगलं ना?"

माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली. मला कोणी 'मोज' म्हटलेलं नव्हतं. सगळे म्हणतात, अगं सोड, एवढं काय.

मग त्या गावाबद्दल सांगत बसल्या. गुरुवारी पहाटे निघणार होत्या, राजापूरच्या पुढे कुठेतरी. गावात फोन लागत नाही, शाळेच्या चढावर गेलं तर एखादी काडी येते. "मी आपली रत्नदीपच्या मागेच बसते. जोरात हाणायला लागला की खांद्यावर टपली मारता येते. विनिता बसते पुढे, ती काय त्याला बोलत नाही." विनिता म्हणजे सून.

तिकडे दोघांनी दोन्ही गाड्यांचे बोल्ट काढून त्या एकाच घमेल्यात टाकले होते. काळे, तेलकट, सगळे सारखेच दिसणारे. गाडीच एक, तर बोल्ट वेगळे कसे असतील? बसवताना जो हाताला येईल तो लावला. "टाइट?" "एकदम टाइट." निघताना आजी नव्या खुर्चीत बसल्या, दोन्ही दांड्यांवर हात ठेवून उठून दाखवलं, परत बसल्या, आणि खिडकीतून समृद्धीचा गाल ओढला.

सोमवारपासून मला आवाज येत होता. खड्डा आला की पाठीमागून टक. प्रितमला म्हटलं. तो म्हणाला, "तुला फ्रिजमधून पण आवाज येतो, भावना." म्हणून मग मी गप्प. गुरुवारी सकाळी समृद्धीला दवाखान्यात न्यायचं होतं. मोहने सोडल्यावर एक उंच स्पीडब्रेकर आहे, तिथे बाकडं माझ्याखाली उचललं गेलं. खरंच उचललं गेलं, हातभर नाही, पण बोटं आत जातील एवढं. आणि समृद्धीची सीट त्याच्याबरोबर उचलली. मी अशी ओरडले की प्रितमने रस्त्याच्या मधेच गाडी थांबवली.

त्याने बाकड्याच्या मागच्या पायाचा बोल्ट काढला. मग शेजारचा. हातावर घेऊन नुसता बघत राहिला.

"काय झालं?"

"हे आपले आहेत."

"म्हणजे?"

"कॅप्टन सीटच्या मागच्या पायाखाली जाड पट्टी असते ना, तिच्यासाठी लांब बोल्ट. बाकडं डायरेक्ट पत्र्यावर बसतं, त्याला आखूड. हे लांबवाले इथे लागलेत. तळाला जाऊन अडकले, म्हणून हाताला टाइट लागलं गं. सीट धरलीच नव्हती त्यांनी."

पुढचं त्याने सांगायच्या आत मला कळलं. आमच्याकडे दोन लांब बोल्ट जास्तीचे आलेत. म्हणजे दोन आखूड त्यांच्याकडे गेलेत, त्या जाड पट्टीतून. पलीकडे किती पोचत असतील? "दोन आटे. तीन," प्रितम म्हणाला. दोन्ही एकाच खुर्चीला लागलेत की एकेक दोन्हींना, हे सांगता येत नाही. आजींच्या खुर्चीला की शेजारच्या, तेही नाही. आणि पट्टा लावलाय म्हणून उपयोग नाही, कारण पट्टा ज्यात अडकवतात ते कुलूप खुर्चीलाच असतं. खुर्ची सुटली की माणूस खुर्चीसकट पुढे जातो.

त्या पहाटेच निघाल्या होत्या.

मी रत्नदीपला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. मेसेज टाकला: 'गाडी थांबवा. मागच्या सीटचे बोल्ट चुकीचे आहेत. आजींना त्या सीटवर बसवू नका.' एकच टिक. प्रितमने आम्हाला रिक्षात घालून घरी पाठवलं आणि स्वतः बाकडं रिकामं ठेवून हळूहळू गाडी घरी आणली. तोवर माझे तीस-चाळीस फोन झाले असतील. प्रत्येक वेळी तीच बाई, तोच गोड आवाज.

ग्रुपवर लिहिलं. अर्ध्या लोकांनी हात जोडले. एकाने विचारलं, 'वहिनी, बेंच विकायचाय का?' दुसऱ्याने लिहिलं, 'दोन आटे खूप होतात, चिल.' मी त्याला लिहिलं, तुमच्या आईला बसवा मग. प्रितमने फोन हातातून काढून घेतला.

हायवेच्या हेल्पलाइनला लावला. माणूस नीट बोलला.

"अपघात कुठे झालाय, ताई?"

"झालेला नाही."

"मग?"

"व्हायला नको म्हणून फोन केलाय."

"गाडीचा नंबर सांगा."

नंबर मला माहीत नव्हता. त्या दिवशीचा एक फोटो आहे, समृद्धी बाकड्यावर उभी, मागे त्यांची राखाडी गाडी. नंबरप्लेटसमोर प्रितम वाकलेला आहे. शेवटचे दोन आकडे तेवढे दिसतात, चार आणि सात. मी मुलीचे श्वास मोजते, आणि ज्या गाडीत एका म्हातारीला बसवून दिलं तिची नंबरप्लेट माझ्याकडे नाही. तो माणूस म्हणाला, "लिहून घेतो. पुढे कळवतो." लिहून घेतलं असेल. पण राखाडी गाड्या किती जात असतील त्या रस्त्याने?

प्रितम बाइकवर दिव्याला गेला. आजी बोलता बोलता म्हणाल्या होत्या, खिडकीतून खाडी दिसते आणि खाली मंडपवाल्याचे बांबू पडलेले असतात. तेवढ्यावर त्याने बिल्डिंग शोधली. दार बंद. वॉचमन म्हणाला, अंधारातच गेले. जास्तीच्या बॅगा मागे मावल्या नाहीत म्हणून आजींच्या पायाशी पण सामान होतं. शेजाऱ्यांकडे विनिताचा नंबर होता. तोही बंद. प्रितम तिथूनच फोनवर हे सगळं सांगत होता. 

"भावना, मीच लावलेला ना तो. त्यांच्या बाजूचा मीच टाइट केलेला. मी म्हटलेलं एकदम टाइट."

"घरी ये," मी म्हटलं. 

सासूबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा लावला, फोन घेतला आणि ओट्यावर बसून एकेका पाहुण्याला लावायला सुरुवात केली. पनवेलचा मामा. पेणची चुलत बहीण. वडखळच्या पुढे हॉटेल आहे तो भाचा, मयूर. "रे मयूर, राखाडी गारी हाय. मागं म्हातारी बसलीय. आरवा उभा राहा पन थांबव." मयूर खरंच हॉटेलातली दोन माणसं घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला. उन्हात, दुपारभर. त्याने चार राखाडी गाड्या थांबवल्या आणि शिव्या खाल्ल्या. एकीत म्हातारी होती, पण ती आमची नव्हती. आमची केव्हाच पुढे गेलेली असणार. हिशेब सरळ होता, तरी मयूर हटला नाही आणि सासूबाईंनीही त्याला घरी जा म्हटलं नाही.

दुपारी कधीतरी माझ्या मेसेजला दुसरी टिक आली. मी अशी उठले की समृद्धी घाबरून रडायला लागली. म्हणजे फोन कुठेतरी लागला. कुठल्या तरी वळणावर, कुठल्या तरी चढावर, त्या क्षणी गाडी धड होती. मी लगेच फोन केला. परत बाहेर. टिक निळी झालीच नाही. गाडी चालवणारा माणूस मेसेज वाचत नाही. वाचू नयेच. पण एकदा, एकदाच वाचला असता तर?

आज शुक्रवार. प्रितम म्हणतो, पोचले असतील, वाईट बातमी पटकन येते. मी बातम्या बघते, त्या रस्त्यावरच्या प्रत्येक अपघाताचे फोटो मोठे करून गाडीचा रंग बघते. राखाडी नाही, असं बघून हुश्श होतं, आणि मग ज्यांची पांढरी होती त्यांचं काय? काल मी जेवले नाही. समृद्धीला भरवताना आजींची वडी आठवली आणि घास हातातच राहिला.

आणि पोचले असले तरी संपत नाही ना. ते परत येणार आहेत. मधे देवळात जातील, बाजारात जातील, त्या उतारांवरून. प्रत्येक खड्ड्याला तो बोल्ट थोडा फिरत असणार. प्रितम उद्या पहाटे बाइकने निघतोय, लांब बोल्ट खिशात घेऊन, गावाचं नाव माहीत नसताना. राजापूरला जाऊन विचारत फिरणार. मी जा म्हटलंय.

म्हणून हे लिहितेय, आणि जिथे जिथे पाठवता येईल तिथे पाठवतेय. तुम्ही राजापूरच्या पुढे कुठल्याही वाडीत असाल, किंवा तुमचं कोणी असेल, तर एक काम करा. मुंबईहून आलेली राखाडी सात सीटर गाडी, नंबरच्या शेवटी सत्तेचाळीस. मुलगा रत्नदीप, सून विनिता. आजी ठेंगण्या, गोऱ्या, उठताना दोन्ही हात टेकून उठतात, आणि लहान मूल दिसलं की आधी खाऊ काढतात. त्यांना घाबरवू नका. फक्त विचारा, मंदाकिनी आजी का तुम्ही? बऱ्या आहात ना? आणि त्यांना गाडीत बसू द्यायच्या आधी ड्रायव्हरच्या मागची सीट दोन्ही हातांनी धरून जोरात ओढून बघा. हलली, तर त्यांना खाली उतरवा आणि गाडी पुढे जाऊ देऊ नका. नाही हलली, तरी शेजारची पण बघा.