तंबूच्या पिशवीचं कुलूप

आमच्या भावोजींचा माणसांवर विश्वास नाही, आणि त्या अविश्वासावरच त्यांचं घर चालतं. त्यांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे. किल्ली हरवली म्हणून गिऱ्हाईक आलं की भावोजी आधी त्याला नखशिखान्त न्याहाळतात. हरवलेली किल्ली खरंच याच्याच घराची होती का, हा त्यांचा पहिला प्रश्न, न विचारलेला. गंमत अशी की तेवढ्या वेळात त्यांचे हात थांबत नाहीत. नजर गिऱ्हाइकाच्या तोंडावर आणि बोटं कोऱ्या किल्ल्यांच्या डब्यात. लांबाला लांब, आखूडला आखूड, जुडगा झाला की पितळी तारेचा वेढा आणि वर दोन पीळ. खाली बघायचं कारणच नाही. "लांबी बोटांना कळते," ते म्हणतात, "डोळे माणसांसाठी राखून ठेवावेत."

मी रुग्णालयात चादरी-अभ्र्यांचं भांडार सांभाळते. माझं उलटं आहे. चादर कुणी नेली यात मला रस नसतो, परत आली का एवढंच बघते. त्यामुळे भावोजींचं आणि माझं पटतही नाही आणि एकमेकांवाचून करमतही नाही.

दर उन्हाळ्यात शहराबाहेरच्या माळावर संगीत मेळावा भरतो. लोक तंबू ठोकून राहतात, दिवसभर ऐकतात. मोठ्या मंचावर मोठी माणसं, आणि खालच्या कुंपणापाशी एक छोटा मंच, तिथे हौशी लोकांना पाळीपाळीने वाजवायला मिळतं. माझी ताई व्हायोलिन वाजवते. एरवी ती दातांच्या डॉक्टरकडे बसून लोकांना वेळा देते. स्वतःला मात्र तिने आयुष्यात एकच वेळ मागितली, त्या छोट्या मंचावरची. गेल्या वर्षी ती मिळाली आणि हातची गेली, कारण ऐन वेळी तिचा गज नाहीसा झाला. ज्याने तारांवर घासायचं तोच नाही म्हटल्यावर व्हायोलिन म्हणजे नुसतं लाकडाचं खोकं.

यंदाची तयारी दुकानाच्या मागच्या खोलीत सुरू झाली. भावोजींनी गेल्या वर्षीचे धडे सांगायला घेतले.

"पहिला धडा. शेजाऱ्याशी बोलायचं नाही."

"पहिला धडा, खड्ड्यात तंबू ठोकायचा नाही," मी म्हटलं. "आपण झोपेत भिजलो होतो, भावोजी. वाऱ्याने तंबू आडवा झाला कारण खुंट्या ओल्या मातीत होत्या."

"वाऱ्याने गज नेला नाही, मेहुणीबाई. माणसाने नेला."

तो माणूस म्हणजे टोपीवाला. गवती टोपी घालणारा, एकटा, आमच्या शेजारच्या तंबूतला. त्या सकाळी ताई तंबूबाहेर चटईवर सराव करत होती. अचानक वारा सुटला, काठ्या मोडल्या, ताई व्हायोलिन छातीशी धरून गाडीकडे पळाली आणि गज चटईवरच राहिला. मी उडणाऱ्या चादरींमागे. भावोजी तंबू गुंडाळत होते आणि टोपीवाला न बोलावता मदतीला आला होता. ताई परतली तेव्हा चटई होती, गज नव्हता. बाहेरचा माणूस तो एकच. भावोजींच्या हिशेबी खटल्याचा निकाल तिथेच लागला.

मी म्हटलं, "निदान तंबू एकदा गच्चीवर उघडून बघू. काय मोडलं, काय उरलं ते कळेल."

"गच्चीवर? म्हणजे चार इमारतींनी बघावं आपल्याकडे काय काय आहे ते?"

तंबूची पिशवी वर्षभर माळ्यावर होती, तिच्या चेनला भावोजींच्या हातचं कुलूप. गज गेला, निदान तंबू तरी जाऊ नये म्हणून त्यांनी ते माळावरच लावलं होतं. किल्ली त्यांच्या खिशात. नव्या काठ्या विकत आणून त्यांनी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात खुपसल्या, पण पिशवी उघडू दिली नाही. मला तेव्हाच ते जरा जास्त वाटलं. माणूस तंबूला इतका जपतो?

ताई चहा ओतत म्हणाली, "तुम्ही दोघं भांडा. मी एकच सांगते. या वर्षी नाही जमलं तर व्हायोलिन विकून टाकणार आहे. दर वर्षी आशेने गजाला राळ घासायची, तेवढा दम नाही राहिला माझ्यात."

तिने ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं की भावोजींचा पुढचा धडा तोंडातच राहिला. नव्या गजावर तिचा हात बसत नव्हता हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तो हलका होता, तारेवरून उड्या मारायचा. जुना तिच्या शिक्षिकेने दिलेला, जड बुडाचा, मुठीपाशी लाल दोरा गुंडाळलेला.

माळावर पोचलो तेव्हा मी उंचवट्याची, झाडाजवळची जागा हेरली. भावोजींनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते माणसं वाचत कुंपणापर्यंत गेले आणि गवती टोपी दिसल्यावर थांबले.

"इथेच."

"त्याच्या शेजारी?" ताई म्हणाली.

"चोरावर नजर ठेवायची तर चोराला शेजार द्यावा लागतो."

बाहेरच्या कप्प्यातल्या नव्या काठ्यांवर तंबू उभा राहिला. कुलूप उघडून भावोजींनी फक्त कापड काढलं आणि उरलेल्या सामानासकट पिशवी पुन्हा बंद करून टाकली. मग दोऱ्यांना बारीक घंटा बांधल्या, तंबूच्या चेनला कुलूप घातलं आणि व्हायोलिन पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून तिलाही कुलूप. रात्रभर वाऱ्याने घंटा वाजत राहिल्या. चोर आला असता तर त्यालाही झोप लागली नसती.

सकाळी टोपीवाला हातात पेला घेऊन आला. घंटांकडे बघितलं, ट्रंकेकडे बघितलं, आणि ताईला म्हणाला, "या वर्षी वाजवणार ना?"

"बघू," ताई म्हणाली.

"गेल्या वर्षी राहिलं तुमचं. माझ्या लक्षात आहे."

तो गेल्यावर भावोजी माझ्याकडे वळले. "ऐकलंत? लक्षात आहे म्हणे. असणारच. आणि ट्रंकेकडे कसा बघत होता?"

"सगळेच बघतायत, भावोजी. मेळाव्याला ट्रंक घेऊन आलेले आपणच आहोत."

पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकली. नको तिथे तो माणूस होता. छोट्या मंचामागे वाकलेला, तारा ओढताना, खोक्यात हात घालताना. भावोजी त्याच्या मागावर हिंडले आणि तांबडेलाल होऊन परतले.

"माहितीय का कोण आहे तो? माइक लावतो. वाजवणाऱ्यांची वाद्यं त्याच्या हाताखालून जातात. घर कोंबड्यांचं आणि राखणीला बोका."

ताईचा चेहरा उतरला. "मग आता गप्प राहा. माझा माइक तोच लावणार."

"गप्प? तुझी पाळी आली की मी पुढे बसणार, आणि सगळ्यांसमोर विचारणार, गज कुठाय. माइक चालूच असेल. सगळ्या माळाला ऐकू जाईल."

"ते पाळी रद्द करतील माझी. भांडण करणाऱ्यांना उतरवतात, फळ्यावर लिहिलंय."

"वर्षभर तू रडलीस ते कुणी फळ्यावर लिहिलं नाही," भावोजी म्हणाले आणि निघून गेले.

नवरा बायकोसाठीच भांडतोय आणि भांडणाने बायकोचंच नुकसान होणार. अशा खात्यात जमा कुठे आणि नावे कुठे, मला आजवर कळलेलं नाही.

दुपार चढली तसा तंबू भट्टीसारखा तापला. ताईने ट्रंकेवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"आत सरस वितळेल, सांधे सुटतील," ती म्हणाली. "चोराच्या आधी कुलूपच मारेल याला."

मी भावोजींना गाठलं. ते मंचाशेजारी खांबाआड उभे राहून टोपीवाल्याकडे बघत होते. पुढचं सावलीचं कापड लावायचं आहे म्हटल्यावर त्यांनी नजर न हलवता किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला. ताईने ट्रंक उघडून व्हायोलिन झाडाच्या सावलीला नेलं. मी पिशवी उघडली. तळाशी गेल्या वर्षीच्या सावलीच्या काठ्या होत्या, काही मोडक्या, काही धड, पण एकत्र बांधलेल्या. पितळी तार, दोन पीळ. मी पीळ सोडले. काठ्या मांडीवर पसरल्या आणि त्यांत एकीला केस होते.

लाल दोरा. जड बूड. गज.

मी आधी झाकण टाकावं तशी ओढणी त्यावर टाकली. मग बसून विचार केला, आणि जो विचार आला तो चांगला नव्हता. तार त्यांची. पीळ त्यांचे. कुलूप त्यांचं, किल्ली त्यांच्या खिशात. गच्चीवर पिशवी उघडू नका, असं सांगणारे ते. ताई दर संध्याकाळी सराव करते तेव्हा दुकानातून आलेला हा माणूस एकटा जेवतो. बाहेरच्या चोराला त्या गजाचा उपयोग काय? न वाजणाऱ्या व्हायोलिनचा उपयोग घरातच कुणाला तरी असू शकतो.

ताई आली तेव्हा मी ओढणी बाजूला केली.

ती खाली बसली. गज उचलला नाही, आधी तार उचलली. बोटात फिरवली.

"ताई, मला वाटतं..."

"तुला काय वाटतं ते दिसतंय तोंडावर." ती तार बघत राहिली. "त्या सकाळी ते कुठे बघत होते, आठवतंय तुला?"

आठवत होतं. मी चादरींमागे पळताना ओरडले होते की जरा इकडे बघा, आणि भावोजींनी मान वळवली नव्हती. ते टोपीवाल्याकडे बघत होते. हा आगंतुक कशाला हात लावतो, ते.

"हात चटईवर, डोळे त्याच्यावर," ताई म्हणाली. "लांबाला लांब."

"इतकं सरळ असेल?"

"लग्न मी केलंय, तू नाही."

"मग आत्ताच जाऊन दाखवू. म्हणजे ते मंचावर तमाशा करणार नाहीत."

"दाखवलास तर तासभर मला पटवत बसतील की त्यांनी नाही ठेवला. तोवर पाळी जाईल." तिने गजाचे केस तपासले, दोन-चार तुटलेले होते ते दातांनी तोडून टाकले, पेच फिरवून ताण दिला आणि राळ काढली. "हा असाच दिसू दे त्यांना. वर."

मला मात्र ते पटलं नव्हतं. बायका नवऱ्याला सांभाळून घेतात, हा हिशेब मला भांडाराबाहेरही माहीत आहे. मी ठरवलं, मंचाकडे बघायचंच नाही. भावोजींच्या तोंडाकडे बघायचं. ज्याने लपवलं असेल तो गज दिसल्यावर आधी बायकोकडे बघेल, मग पिशवीच्या दिशेला.

पाळी आली. भावोजी पहिल्या रांगेत, गुडघ्यांवर हात, उठायच्या तयारीत. मी त्यांच्या बाजूला बसून किल्ल्या परत केल्या. टोपीवाल्याने माइक ताईच्या खांद्याजवळ आणला, कमीजास्त केला, मागे सरला. भावोजी उठले. तोंड उघडलं.

ताईने गज वर उचलला.

लाल दोरा उन्हात लखलखला. भावोजींचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी ताईकडे पाहिलं नाही, तंबूकडे पाहिलं नाही. त्यांनी टोपीवाल्याकडे पाहिलं, मग गजाकडे, मग पुन्हा टोपीवाल्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा विजय पसरला की मला जागच्या जागी हसू फुटायचंच बाकी राहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो काका, बसा की." ते बसले.

ताई वाजवू लागली. पहिल्या ओळीत गज जरा खरखरला, वर्षाची धूळ होती त्याची, मग स्वर मोकळा झाला. खालच्या तारेवर तो जड बुडाने टेकला तेव्हा माळावर खात-पीत पडलेली माणसं उठून बसली. मी तिच्याकडे बघायचं नाही ठरवलं होतं. ते काही जमलं नाही.

टाळ्या चालू असतानाच भावोजी माझ्या कानाशी वाकले. "बघितलंत? आणून ठेवला. घाबरून आणून ठेवला त्याने. घंटा, कुलूप, माझी नजर. चोवीस तास टिकला नाही."

मी त्यांच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. इतका निर्मळ मूर्खपणा सोंग करून आणता येत नाही. माझ्या मनातली पाल तिथेच गप्प झाली.

"पण कुलूपबंद तंबूत कसा ठेवला असेल, भावोजी?"

त्यांनी क्षणभर विचार केला. "म्हणूनच पुढच्या वर्षी दुहेरी कुलूप."

मग ते उठले, टोपीवाल्यासाठी चहा घेतला आणि त्याच्या हातात देऊन मोठ्या मनाने म्हणाले, "झालं गेलं विसरून जाऊ." त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि ताईला घ्यायला गेले.

टोपीवाला पेला धरून माझ्याकडे आला. "तुमचे भावोजी मला कशाबद्दल माफ करून गेले?"

"ऊन लागलंय त्यांना," मी म्हटलं.

"व्हायोलिन छान वाजवतात बाई. पुढच्या वर्षी पाळी लवकर सांगा, संध्याकाळची देतो." मग जरा घुटमळून, "आणि त्या घंटा तेवढ्या आणू नका."

निघायच्या वेळी तंबू उतरवताना ताईने व्हायोलिन आणि गज स्वतः पेटीत ठेवले आणि पेटी मांडीवर घेऊन गाडीत बसली. भावोजी काठ्या आवरत होते. टोपीवाला पलीकडे तारा गुंडाळत होता. माफी दिली तरी नजर काढून घेतलेली नव्हती. मान तिकडेच, बोटं इकडे भराभर चाललेली. आखूड खुंट्या एका बाजूला, लांब काठ्या दुसऱ्या बाजूला.

माझी छत्री मी जाणूनबुजून तिथेच गवतावर ठेवली होती.

बोटांनी ती चाचपली, लांबी बघितली, काठ्यांत घातली. पितळी तार आली, वेढा बसला, दोन पीळ.

"भावोजी," मी म्हटलं, "माझी छत्री कुठे दिसते का?"

त्यांनी मान न वळवता डोळे बारीक केले.

"कुठे ठेवली होतीत?" ते हळूच म्हणाले. "त्याच्या तंबूच्या बाजूला?"