दगडी साप आणि गरम पाणी

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. खच्चून भरलेलं सभागृह. इतकी माणसं, की एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत. मंचावर जाडजूड उशीवर एक बाबा बसलेले. लोक त्यांना नजरबाबा म्हणत. ते रोखून पाहतात आणि जिवंत साप जागीच दगड होतो, असा बोलबाला होता! पुरावा म्हणून टोपलीत वेटोळी घातलेले दगडी साप होते. प्रत्येकाचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावर मंद हसू.

"हा आज पहाटेच अंगावर आला," बाबा म्हणाले. "मी म्हटलं, बाळा, थांब. थांबला तो थांबलाच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबांची नजर चुकून आपल्यावर पडू नये म्हणून पहिल्या रांगेतला शिंपी तोंडासमोर वर्तमानपत्र धरून बसला होता.

हसा खुशाल. पण त्याच्याच शेजारी फरशीवाल्याची बायको बसली होती, आणि तिची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तिला मधुमेह होता. रोजचं इंजेक्शन बंद करून तिने बाबांनी औषध म्हणून दिलेला दगडी साप बुडवलेलं पाणी प्यायला सुरुवात केली होती. तिच्या घशाला सारखी कोरड पडे, चालताना तोल जाई. मांडीवर बरणी, बरणीत साप. सोबत तिची मुलगी होती. प्रश्न विचारून जीव खाते म्हणून सगळे तिला 'काबरं' म्हणत.

"आई, साप गार पाण्यातच का बुडवायचा गं?"

"बाबांनी सांगितलंय म्हणून."

"पण का बरं?"

"तोंड आहे की भोंगा? गप्प बस!"

काबरंने मान खाली घातली आणि पाहतच राहिली. सभागृहाची ही फरशी तिच्या वडिलांनीच कापून बसवली होती. गुळगुळीत दगडात जागोजागी तशीच वेटोळी दिसत होती, मधोमध चिरलेली, आत इवल्या इवल्या खोल्या.

ती ओरडली, "बाबा, आमच्या पायाखालीही तुमचे साप आहेत!"

अख्खं सभागृह खुर्च्यांवर चढलं. शिंपी तर शेजाऱ्याच्या मांडीवर.

"तेही माझेच," बाबा म्हणाले. "मागच्या जन्मी पाहिले होते."

"मग त्यांना डोकी का नाहीत?"

"लाजून आत ओढून घेतली त्यांनी."

"आणि सापाला पापण्या नसतात. मग तुमच्या सापांनी डोळे मिटले कसे?"

"माझं तेज सोसलं नाही, पोरी!"

पुन्हा टाळ्या! तेव्हा काबरंने बरणीतला साप उचलला आणि दाराशी चहासाठी उकळत ठेवलेल्या पाण्याकडे धावली.

"अगं, गरम नको!" बाबांचा चेला किंचाळला. "वितळेल!"

बाबांनी त्याच्याकडे असं रोखून पाहिलं, की तो खरोखरच दगड झाला असता.

साप पाण्यात पडला. आधी हसू पसरलं, मग नाक ओघळलं, मग डोकंच गळून पडलं. दगडाचा भुगा कालवलेलं मेण होतं ते! उरलं फरशीतल्यासारखंच बिनडोक्याचं वेटोळं.

"बघा, बाबांनी डोकं अदृश्य केलं!" मागून कुणीतरी म्हणालंच.

ते वेटोळं म्हणजे साप नव्हेच, मुलांनो. कोट्यवधी वर्षांपूर्वी, माणसाचा पत्ताही नव्हता तेव्हा, हा दगड जिथून आणला तिथे समुद्र होता. त्यात वेटोळ्या शंखात राहणारा एक मऊ प्राणी होता. तो वाढला की पुढे नवी खोली बांधायचा आणि तिथे राहायला जायचा. मेल्यावर शंख चिखलात रुतला, वर थरावर थर साचले, चिखलाचा खडक झाला आणि आतल्या शंखाचाही दगड. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. खडकांचं वय शोधताना पहिली खूण हीच. यात नजरेचं काम एवढंच, की नीट पाहायचं. आणि कुणी 'का ते विचारू नका' म्हणालं, की तिथेच विचारायचं.

"मग मी इतके दिवस काय पीत होते गं?" आईने विचारलं.

"मेणाचं पाणी."

बाबा मागच्या दाराने पळाले. लोक त्यांच्यामागे धावले. काबरं मात्र आईचा हात धरून तडक दवाखान्यात गेली.

पायरीवर आई कुजबुजली, "इंजेक्शन बंद केल्याचं डॉक्टरांना सांगू नकोस हं. लाज वाटते मला."

काबरंने आईला खुर्चीवर बसवलं, तिचा हात घट्ट धरून ठेवला आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं.