पहिली नजर ताईची

मी पेटी बोलतेय. दागिन्यांची नव्हे, औषधांचीही नव्हे. माझ्या तोंडाशी दोन भिंगं आहेत आणि मागे एक खाच. त्या खाचेत शेजारीशेजारी चिकटवलेल्या दोन फोटोंचं कार्ड सरकवायचं आणि भिंगांना डोळे लावायचे. दोन्ही फोटो मिळून एक होतात आणि फूल कागदातून उठून पुढे येतं. जन्मभर एवढंच करत आले. आता दमलेय, म्हणून बोलते.

एका चष्मेवाल्याने उरल्यासुरल्या भिंगांतून मला बनवलं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला डोळे लावायचं, "अरे वा" म्हणायचं आणि चष्म्याची काडी घट्ट करून घेऊन चालतं व्हायचं. कपाळाचं तेल, बोटांचे ठसे, सगळं माझ्या वाट्याला. विकत मात्र कोणी घेईना.

शेवटी एक कंपाउंडर आला. तो ज्या दवाखान्यात पुड्या बांधायचा तो बंद पडला होता, आणि घरी भिंतीकडे बघत बसणं एवढंच त्याला काम उरलं होतं. थोरल्या बहिणीने पिटाळलं होतं त्याला. "जिवाला काहीतरी लावून घे बाबा, नाहीतर ती भिंत तरी कंटाळेल," म्हणाली होती.

ही ताई. लोकांचे कपडे शिवून पाठ वाकलेली, पण गॅलरीत ऑर्किडं अशी फुलवायची की बघत राहावं. लाकडाच्या तुकड्यांना बांधलेली, तारेला टांगलेली, काही कुंड्यांत. काही फुलं तर तांदळाच्या दाण्याएवढी. कंपाउंडर त्यांच्या नाकाशी कॅमेरा नेऊन फोटो काढू लागला. पंखा बंद, खिडकी बंद. आधी डाव्या डोळ्यासाठीचा फोटो, मग कॅमेरा पट्टीवर केसभर सरकवून उजव्या डोळ्यासाठीचा. मधल्या वेळात फूल हलता कामा नये, म्हणून दोघंही श्वास धरून बसत. एकदा ऐनवेळी ताई शिंकली, तर हा गृहस्थ दुपारभर तिच्याशी बोलला नाही.

घरात एक रीत पडली. कार्ड तयार झालं की पहिली नजर ताईची. तिचं फूल, तिचा मान. तोवर कंपाउंडर स्वतःसुद्धा माझ्यात डोकावत नसे. ताई "वा" म्हणाली की त्याचा चेहरा खुलायचा आणि तो पुढच्या कुंडीकडे वळायचा.

पण भिंगांपाशी काय लपतं? हल्ली ताईचा उजवा डोळा चित्रावर ठरतच नव्हता. एका डोळ्याला सगळं सपाट दिसतं, साध्या फोटोसारखं. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही. माझ्यावरची धूळ पुसताना ती एकदा पुटपुटली, "याला कळलं तर कॅमेरा ठेवून देईल, आणि परत बसेल भिंतीकडे बघत." तिला धास्ती होती ती एवढीच. मग ती सपाट फुलालाही "वा" म्हणत राहिली. मला मेलीला तोंड असून सांगता येईना.

आणि एक दिवस कंपाउंडरने घोळ घातला. डावा फोटो उजवीकडे चिकटवला. असं झालं की फूल आतबाहेर उलटतं. ऑर्किडची एक पाकळी पुढे झुकलेली असते, तिला ही दोघं ओठ म्हणत. तो ओठ खड्ड्यात जातो, मागचं पान अंगावर येतं, बघणाऱ्याचं डोकं गरगरतं.

ताईने डोळे लावले. "वा! ओठ बघ कसा पुढे आलाय."

मग कंपाउंडरने पाहिलं. खूप वेळ तो डोळे काढेना.

"ताई, ओठ आत गेलाय. मी चुकलोय."

ताई उगाच माझी खाच पुसू लागली.

"कोणता डोळा?" त्याने विचारलं.

"उजवा. वर्ष होत आलं."

"आणि मला आज कळतंय? वर्षभर नुसतं वा, वा?"

"तुला बरं वाटायचं ना रे," ताई म्हणाली.

त्याने खरोखरच कॅमेरा गुंडाळला आणि मला कपाटावर टाकलं. ताईची भीती खरी झाली. तो भिंतीसमोर, ती गॅलरीत. कपाटावरून मला दोघांची डोकी तेवढी दिसायची. इतकी वाईट वेळ दुकानातही आली नव्हती.

एका सकाळी ताईने कुंडी टेबलावर आणून आदळली, पंखा बंद केला आणि खुर्चीत बसली. कंपाउंडर हलेना.

"किती वेळ श्वास धरू? मरेन मी," ती म्हणाली.

तो उठला. फोटो काढले, कार्ड केलं आणि सवयीने मला तिच्यापुढे धरलं. तिने मला परत त्याच्याकडे ढकललं. "तू बघ. मला सांग."

तेव्हापासून हे असं चाललंय. माझी खाच सैल झालीय, एक भिंग डुगडुगतंय. माळ्यावर जायला मी कधीचीच तयार आहे, पण ही दोघं आहेत तोवर मला कोणी उचलू नका.

आत्ताही तो डोळे लावून बसलाय. "मागची पाकळी लांब आहे, ताई. पार दाराशी. बाजूच्या दोन तिच्या पुढे, टेबलाच्या कडेला."

"आणि ओठ?"

भिंगं ओली झालीत. तो ती सदऱ्याने पुसतो, पुन्हा बघतो. "ओठ तुझ्या नाकाशी आलाय."

ताई खुर्चीत जराशी मागे सरकली.