शिशाच्या एप्रनची घडी

मित्रांनो, मला एकदा उचलून बघा, म्हणजे माझी ओळख पटेल. मी शिशाचा एप्रन, रबरात शिसं मिसळून केलेला. १९५८ साली बोटीने मालवणला उतरलो, तो थेट गुरुदास डॉक्टरांच्या दवाखान्यात.

मुंबईच्या गिरण्यांतून खोकत परतलेली माणसं तिथे येत. अंधाऱ्या खोलीत डॉक्टर त्यांना क्ष-किरणांच्या यंत्रापुढे उभं करत आणि पडद्यावर त्यांची छाती हलताना बघत. हे किरण दिसत नाहीत, चटका देत नाहीत, पण रोज अंगात शिरले तर घात करतात. त्यांना अडवायचं काम माझं. खरं सांगतो, मला त्याचा भारी तोरा होता.

सुभद्रा तिथली आया. रडणाऱ्या पोरांना ती यंत्रापुढे धरून ठेवायची. तिला दिवस गेले तेव्हा डॉक्टरांनी मला तिच्या गळ्यात घातलं.

"सुभद्रा गो, ह्यो घातल्याशिवाय आत येव नको."

तिने माझी काय बडदास्त ठेवली म्हणून सांगू! काम संपलं की मला पुसायची, शालूसारखी घट्ट घडी घालून पेटीत ठेवायची, वर डांबराच्या गोळ्या. लाज वाटते, पण मला ते आवडायचं. वरून मी नवाकोरा होतो आणि आत घडीवर तडकत होतो. सांगणार कसा? मला तोंड कुठे होतं?

एकदा मुंबईच्या डॉक्टरमित्राचं पत्र आलं, एप्रनही तपासत जा. गुरुदास डॉक्टरांनी मला यंत्रापुढे टांगलं. मी किरण पुरते अडवले असते तर पडदा काळाच राहिला असता. पण मधोमध उजेडाची आडवी रेघ उमटली, बरोबर सुभद्रेच्या पोटावर येणारी.

तिचा हात पोटाकडे गेला. "डॉक्टरांनू, माझ्या बाळाक काय होतला?"

"माका सांगूक येणा नाय," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "चूक माझी. घडी घालू नको, ह्या मी सांगूक होया होता. आणि तुका आत उभी करूकच नको होती."

त्या दिवसापासून ती आत आली नाही. नवा एप्रन आला, तो घालून पोरांचे बापच त्यांना धरू लागले. पुढचे महिने सुभद्रेने कसे काढले ते तिलाच ठाऊक.

आंगणेवाडीच्या जत्रेच्या सुमारास तिला मुलगी झाली. डॉक्टरांनी बाळाला डोक्यापासून पायापर्यंत दोनदा तपासलं. "बरी आसा," म्हणाले, तेव्हा कुठे सुभद्रा रडली.

मी त्या पोरीला राखलं नाही, मित्रांनो. ती दैवाने वाचली. आता नवा एप्रन घडी न घालता जाड बांबूवर टांगलेला असतो आणि मी शेजारच्या खुंटीवर. सुभद्रा जाता-येता माझ्यावरून हात फिरवते. ती रेघ बाहेरून अजूनही दिसत नाही. म्हणून सांगतो, जे तुम्हाला राखतं त्याचं नुसतं कौतुक करू नका. अधूनमधून त्याला तपासून बघा.