हळदीची दोन बोटं

जळगावजवळच्या असोद्यात चैत्र लागला की गल्लीतल्या सगळ्या बायका बर्‍हाट्यांच्या गच्चीवर बिबडे वाळत घालतात. ज्वारी तीन दिवस भिजवायची, कांडून-दळून तिचा घाटा शिजवायचा, त्यात लसूण, तीळ, मिरची घालायची आणि ओल्या धोतरावर हाताने थापून पापड करायचे. त्यांना म्हणायचं बिबडे. आज हिच्या घरचे, उद्या तिच्या घरचे, हात सगळ्यांचे. गच्ची एकच असल्यामुळे धोतरं एकमेकांना लागून पसरलेली असतात आणि बिबडे दिसायला सारखेच. चव मात्र घरागणिक वेगळी, आणि आपलीच चव खरी असं प्रत्येकीला वाटतं. म्हणून ज्या-त्या घराची खूण धोतराच्या कोपर्‍याला केलेली असते. कोणाची कोळशाची रेघ, कोणाची निळीची फुली, तर कोणाची लाल चिंधी. खूण नसती तर दर उन्हाळ्यात झिंज्या उपटायची वेळ आली असती.

नारखेड्यांच्या घराची खूण म्हणजे ओल्या हळदीची दोन बोटं. धुरपदाबाई चाळीस वर्षं ती उमटवत आली होती. कुंदा सून होऊन आली तेव्हा पहिल्याच चैत्रात सासूने तिची बोटं धरून हळदीत बुडवली आणि धोतरावर दाबली. "आतापासून ही खून तुही," एवढंच ती म्हणाली.

पुढे नव्वद साली कुंदाचा नवरा निंबा नशिराबादजवळ केळीच्या ट्रकसकट गेला. तेराव्याला कुंदाचा भाऊ बहिणीला न्यायला आला. दीर तोतारामने एसटी किती वाजता आहे, एवढंच विचारलं. घरात तीनच खोल्या, त्यात त्याची चार पोरं. कुंदाचं गाठोडं बांधून झालं होतं. तेव्हा धुरपदाबाई उंबर्‍यात बसली ती उठेचना. सुनेच्या भावाला तिने शांतपणे सांगितलं की पोरगा माझा गेला आहे, सून गेलेली नाही. ती नारखेड्याची आहे आणि इथेच राहील. भाऊ चहा पिऊन माघारी गेला. कुंदाने ते गाठोडं सोडलं, आणि त्या दिवसापासून सासू तिला आईहून जवळची झाली.

पण उंबर्‍यात बसून पोट भरत नाही. कुंदा मॅट्रिक झालेली होती, बोलण्यात चटपटीत होती. तिने शुभांगना कंपनीचा नंबर, म्हणजे विक्रेतीची नोंदणी, घेतला. ही कंपनी पुण्याची. हिचा माल दुकानात मिळत नसे; साबण, धुण्याची पावडर, केसांचं तेल असं सगळं बायकांनीच घरोघर जाऊन आणि प्रदर्शनात स्टॉल लावून विकायचं. कंपनीचे नियम चार पानी होते. टेबलावर गुलाबी चादरच हवी, विकणारीची साडीही तशीच हवी, कंपनीच्या मालाशिवाय टेबलावर दुसरी काडी ठेवायची नाही. आणि समईचं चित्र असलेली जी सोनेरी गोल टिकली प्रत्येक वस्तूवर असे, ती दुसर्‍या कशालाही लावायची नाही. लावली तर नंबर रद्द. साबण विकायला बसवलं होतं की देवाच्या गाभार्‍यात, असा प्रश्न पडावा.

तीन वर्षं कुंदाने जळगावात, भुसावळात पायपीट केली. त्र्याण्णव साली कंपनीने ठरवलं की जळगावला डेपो काढायचा आणि तो एका बाईच्या नावावर द्यायचा. डेपो म्हणजे गाळा आणि गाळ्याच्या मागे राहायची खोली. त्या खोलीवर कुंदाचा जीव अडकला. तिथे ती आणि आत्याबाई, म्हणजे सासू, राहतील, दोघींची एक चूल असेल, तोतारामच्या बायकोचं नाक मुरडणं बघायला लागणार नाही. रात्रंदिवस तिला तेच दिसे. सासूलाही तिने ते बोलून दाखवलं होतं. धुरपदाबाईने विचारलं होतं की खोलीवर गच्ची आहे का, बिबड्यांना लागेल.

अशा स्टॉलवर बिबडेही आले. आले ते डब्यातून. भुसावळच्या एका प्रदर्शनात कुंदा दुपारी डबा खात होती, भाजलेला बिबडा मोडला तर शेजारून जाणारी बाई वासाने थांबली. तुकडा खाल्ला, म्हणाली विकत द्या. दुसर्‍या दिवशी कुंदाने टोपलीभर नेले. बायका बिबड्यासाठी थांबत आणि जाताना साबण घेऊन जात. घरी सांगितल्यावर धुरपदाबाईचा चेहरा असा उजळला की निंबा गेल्यानंतर तो तसा कोणी पाहिला नव्हता. आपल्या हातचं शहरातल्या बायका पैसे देऊन खातात, हे तिला खरंच वाटेना. त्या वर्षी तिने दोन पायल्यांच्या जागी सहा पायल्या ज्वारी भिजवली.

कंपनीचे देखरेख करणारे बोरसेसाहेब एकदा भुसावळला अचानक आले. माणूस वाईट नव्हता, पण पुण्याला भिऊन असायचा. टोपली बघून त्यांनी कुंदाला बाजूला घेतलं, लेखी ताकीद दिली आणि सांगितलं की पुन्हा असं दिसलं तर डेपो विसरा. कुंदाने तो कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि घरी येऊन सासूला त्यातलं अक्षरही सांगितलं नाही. सांगणार कसं? तुमचे बिबडे चालत नाहीत, असं त्या उजळलेल्या तोंडावर म्हणायचं? तिने फक्त टोपली टेबलाखाली ठेवायला सुरुवात केली. ओळखीच्या बायकांना माहीत होतं, त्या वाकून मागत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं कुंदाने स्वतःला समजावलं. मूठ झाकलेली राहते ती दुसर्‍याने उघडेपर्यंतच, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

माघात धुळ्याला चार दिवसांचं मोठं प्रदर्शन भरलं. मदतीला म्हणून कुंदा सासूला घेऊन गेली. दोघी तिथल्या एका धर्मशाळेत उतरल्या. धुरपदाबाई धुळ्याला जन्मात पहिल्यांदा आली होती. ती स्टॉलच्या मागे खोक्यावर बसून असे, येणार्‍या-जाणार्‍यांच्या साड्या बघत असे, आणि कुंदा बोलायला लागली की ऐकत राही. शेवटच्या दिवशी दुपारी माइकवरून पुकारा झाला की शुभांगनाच्या कुंदाबाई नारखेडे यांनी मंडपात यावं. बोरसेसाहेब आले होते आणि डेपोचं नाव तिथेच जाहीर करणार होते. कुंदा सासूला म्हणाली, "आत्याबाई, जराशी बसजा अठी. मी आलीच."

करायला गेली एक आणि झालं भलतंच. धुरपदाबाईने मागच्या तीन दिवसांत एक गोष्ट बघून ठेवली होती. ज्याच्यावर सोनेरी टिकली ते बायका उचलून बघतात, आणि टिकली नसलेले तिचे बिबडे बिचारे टेबलाखाली पडून असतात. तिला वाटलं, सून कामाच्या गडबडीत खूण करायचं विसरली. हळदीची दोन बोटं इथे कोण ओळखणार? इथे कुंदाची खूण ही सोनेरी टिकली. खोक्यात टिकल्यांची गुंडाळी होती. तिने एकेक टिकली सोडवली, बिबड्यांच्या पंचवीस पुड्यांवर अगदी मधोमध लावली आणि साबणाच्या वड्या सरकवून पुड्या टेबलावर ओळीने मांडल्या. मग पदर सारखा केला आणि खोक्यावर न बसता उभी राहिली, कारण कुंदाही उभीच राहायची.

मंडपात कुंदाचं नाव जाहीर झालं. तिच्या गळ्यात हार पडला. बोरसेसाहेब म्हणाले, चला, तुमच्या स्टॉलवर एक फोटो काढू, पुण्याला पाठवायचा आहे. फोटोवाल्याला घेऊन ते दोघे आले, आणि टेबल बघून साहेबांचे पाय जागच्या जागी थांबले.

त्यांनी एक पुडी उचलली. टिकलीवरून अंगठा फिरवला. फोटोवाल्याला त्यांनी लांब थांबायला सांगितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे तुम्ही केलंत?"

कुंदाला गळ्यातला हार एकदम जड झाला. डेपो, खोली, ती एक चूल, सगळं त्या अंगठ्याखाली होतं. ती म्हणाली, "नाही साहेब."

"मग कोणी? या बाई कोण आहेत? तुमच्या कोणी आहेत का?"

धुरपदाबाई हसतमुखाने उभी होती. आता सून सांगेल, ही माझी सासू, हे तिच्या हातचे. ती हात जोडायच्या बेतात होती.

"ओळखीच्या नाहीत," कुंदा म्हणाली. "इथेच बसल्या होत्या. मी घटकाभर लक्ष ठेवायला सांगितलं होतं."

हे तीनच वाक्यांचं बोलणं. लिहिताना माझा हात थांबतो, तिची जीभ कशी थांबली नाही कोण जाणे. पण ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि मी काही तोतारामच्या घरात राहिलो नाही.

धुरपदाबाईचे जोडायला निघालेले हात तसेच खाली आले. तिने सुनेकडे एकदा पाहिलं. मग तिने टोपली ओढली, पुड्या एकेक करून तिच्यात भरल्या आणि साहेबांना म्हणाली, "माह्यी चुकी झाली भाऊ. मले लिहिता-वाचता येत नही. या बाईले काही बोलू नका, तिले काहीच माहीत नही." टोपली डोक्यावर घेऊन ती गर्दीत गेली.

फोटो निघाला. कुंदा त्यात हसते आहे.

संध्याकाळी ती धर्मशाळेत धावत गेली तर सासू निघून गेली होती. धुळ्याहून जळगावची आणि पुढे असोद्याची एसटी एकटीने शोधायची, पाटी वाचता येत नसताना, डोक्यावर टोपली असताना. कुंदा दुसर्‍या दिवशी घरी पोचली ती शिव्या खायची तयारी करून. सासूने तिच्यापुढे भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. कुंदा पाया पडायला वाकली तर तिने हाताने थोपवलं आणि विचारलं, डेपो भेटला ना? भेटला, असं कुंदा म्हणाली. "मंग झालं तर," असं म्हणून ती दळण निवडायला बसली. कुंदाला वाटलं, हिने एखादी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ती रडली, पुष्कळ रडली. सासूने तिला पाणी आणून दिलं.

पाडव्याला डेपो उघडला. धुरपदाबाई येत नाही म्हणत होती. कुंदाने हट्ट धरला, नारळ तुमच्याच हातून फुटेल म्हणाली. मनाशी तिने ठरवलं होतं की आज साहेबांसमोर सांगायचं, जे होईल ते होवो. सगळ्यांसमोर म्हणायचं, या माझ्या सासूबाई. रात्री ते वाक्य तिने दहा वेळा पाठ केलं होतं.

धुरपदाबाई आली, पण आत आली नाही. उद्घाटनाला जमलेल्या बायकांच्या रांगेत सगळ्यात पुढे उभी राहिली. बोरसेसाहेब खुशीत होते. ते म्हणाले, पहिलं गिर्‍हाईक वयस्कर आहे, शुभशकुन आहे. मग त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "आजी, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय मी."

कुंदाने तोंड उघडलं. वाक्य ओठांवर होतं. पाठीमागे तिच्या नावाची नवीकोरी पाटी होती, समोर पेढ्यांचं ताट होतं.

"नही भाऊ," धुरपदाबाईच आधी म्हणाली. "मी गिर्‍हाईक. एक साबन द्या."

आणि कुंदाने उघडलेलं तोंड मिटलं.

साहेबांनी पावतीपुस्तक तिच्या हातात दिलं. पहिल्या पावतीवर गिर्‍हाइकाचं पूर्ण नाव आणि गाव घाला, कंपनीच्या मासिकात छापू म्हणाले. कुंदाने 'धुरपदाबाई' लिहिलं आणि पेन थांबलं. साहेब पाटीकडे आणि पावतीकडे बघत बाजूलाच उभे होते. धुरपदाबाईला ते समजलं. वाचता येत नसलं म्हणून काय झालं, तिला सगळं समजत होतं.

"ढाके लिहा," ती म्हणाली. "धुरपदाबाई ढाके. बोदवड."

ढाके हे तिचं माहेरचं नाव. चाळीस वर्षांत तिने ते उच्चारलं नव्हतं. ज्या बाईने उंबर्‍यात बसून कुंदाला नारखेड्याचं नाव राखून दिलं होतं, ती कुंदासाठी आपलं नाव सोडून, पदरात साबण बांधून, पेढा न घेता एसटी स्टँडकडे चालू लागली. कुंदाने पावती फाडली. तिचे डोळे भरून आले होते, आणि साहेबांना वाटलं बाई आनंदाने रडते आहे.

मागच्या खोलीत राहायला धुरपदाबाई आली नाही. गाव सुटत नाही म्हणाली. लेकीबाळी माहेरी जातात त्या अखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आदल्या दिवशी कुंदा असोद्याला गेली. घरात कोणी नव्हतं म्हणून ती बर्‍हाट्यांच्या गच्चीवर चढली. ऊन रणरणत होतं. गच्चीभर धोतरं पसरली होती आणि एका कडेला कठड्याच्या सावलीत म्हातारी कावळे हाकत बसली होती.

कुंदाने कोपरे बघितले. कोळशाची रेघ, निळीची फुली, लाल चिंधी. हळद कुठेच दिसेना. आत्याबाई, आपले कोणते, असं तिने विचारलं.

"ज्याले खून नही ते," धुरपदाबाई म्हणाली.

कुंदा खाली गेली, घरातून वाटीत हळद कालवून आणली आणि त्या धोतराशी गुडघ्यावर बसली. दोन बोटं हळदीत बुडवून ती कोपर्‍यावर टेकवणार, तोच सासूने तिचं मनगट धरलं. रागाने नाही. ताप आलेल्या लेकराचा हात धरावा तसं.

"राहू दे व माय," ती हळूच म्हणाली. "कोनी पाह्यलं तं?"

गच्चीवर त्या दोघींशिवाय कोणी नव्हतं. कुंदाच्या बोटांवरची हळद उन्हात वाळून गेली तरी म्हातारीने मनगट सोडलं नाही.