हशाची जागा

गंभीर काम मिळावं म्हणून भावजी अर्धं आयुष्य देव पाण्यात घालून बसले होते. ते खरे कुणाचेच भावजी नव्हते. विनोदी नाटकांत बावळट दिराची कामं इतकी केली की तेच नाव पडलं. आता टीव्हीसाठी एका डॉक्टरांची जीवनकथा होत होती आणि डॉक्टरांचं काम त्यांच्याकडे आलं होतं. डॉक्टरही साधासुधा नव्हे. कुणी धजत नव्हतं अशी हृदयाची शस्त्रक्रिया त्याने केली, पुढे कितीतरी माणसं वाचवली. पण पहिला रोगी टेबलावरच गेला. निम्मे लोक त्याला देव म्हणत, निम्मे खुनी.

काम आलं आणि जुनी खोड आडवी आली. विनोदी नट वाक्य टाकलं की हशासाठी थांबतो. भावजींच्या अंगात ते मुरलं होतं. चौकशी समितीपुढे डॉक्टर उत्तर देतात, आणि भावजी आपले थांबलेले, येणारच नाही त्या हशाची वाट बघत.

"भावजी, इथे कोण हसणार आहे?" दिग्दर्शिकेने विचारलं. ती त्यांच्या मुलीच्या वयाची होती आणि आता टेकीला आली होती. "आज हा प्रसंग जमला नाही तर दुसरा माणूस बघावा लागेल मला. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटलंच. न वाटायला ते काय दगड होते?

त्यात डॉक्टरांच्या पत्नी शूटिंग बघायला आलेल्या. कॅमेऱ्यामागे खुर्चीत ताठ बसून होत्या. 

दिवे लागले. समितीच्या अध्यक्षाने विचारलं, "ही शस्त्रक्रिया तुम्ही आधी कधीच केली नव्हती, हे रोग्याला सांगितलं होतं?"

"नाही. सांगायला वेळ नव्हता," भावजी म्हणाले. आणि झालं, थांबले. स्वतःचाच राग आला त्यांना.

"वेळ होता."

आवाज कॅमेऱ्यामागून आला. बाई उभ्या राहिल्या होत्या. "आदला अख्खा दिवस होता."

दिग्दर्शिकेने 'कट' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. भावजींचं पाठ केलेलं पुढचं वाक्य कुठल्या कुठे गेलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हो," ते म्हणाले. "वेळ होता. तो नको म्हणेल, याची भीती वाटली."

कट झाल्यावर ते बाईंकडे गेले. "माफ करा. थांबायची खोडच आहे मला."

"त्यांनाही होती," बाई म्हणाल्या. "असं काही बोलले की थांबून माझ्याकडे बघायचे. मला वाटायचं, होकार हवाय. मी मान हलवायचे. जन्मभर हलवली." मग हळूच विचारलं, "मी बोलले असते, तर ऐकलं असतं का हो त्यांनी?"

इतका अवघड प्रश्न भावजींना कुठल्याच नाटकात कुणी विचारला नव्हता.

"ज्याला ऐकायचं नसतं, तो थांबतच नाही, वहिनी."

बाईंचे डोळे भरून आले. पदराने पुसून त्या खुर्चीत बसल्या, या वेळी पाठ टेकून.

"पुन्हा घेऊ, जरा जवळून," दिग्दर्शिका म्हणाली. तिचाही आवाज बदलला होता. "आणि भावजी, तिथे थांबायचं बरं का."

दिवे लागले. प्रश्न आला, "सांगायला वेळ नव्हता," हे उत्तर गेलं. भावजी थांबले आणि त्यांनी बाईंकडे बघितलं.

बाईंनी मान हलवली नाही.