सलग सात वाफे

उरणच्या एका मिठागरात वामनचा आकड्यांवरून भारी तोरा. कुठल्या वाफ्यातून मिठाच्या किती पाट्या निघाल्या, ते टिपायचं काम पंधरा वर्षं त्याचं. सत्तावन्न साली शेठने पाणी ओढायला पवनचक्की आणली. तिचं पाणी सलग सात वाफ्यांनाच पुरणार होतं. ओळीत चाळीस वाफे. गेल्या हंगामात कुठल्या सलग सातांनी सगळ्यांत जास्त मीठ दिलं, ते शोधायचं होतं.

वामन एकेक सातांची बेरीज मुळापासून करत बसला. घामाघूम झाला. त्याची बायको पुतळा पाटी उतरवून शेजारी बसली आणि काटकीने चिखलात आकडे ओढू लागली. पहिल्या सातांची बेरीज तिने एकदाच केली. मग मागचा वाफा वजा, पुढचा मिळवला, की झाली नवी बेरीज. वामनच्या निम्म्या बेरजाही झाल्या नव्हत्या, तोवर ती चाळिसाव्या वाफ्याला पोचली. “तेवीस ते एकोनतीस,” ती म्हणाली.

बांधावर उभा शेठ हसून म्हणाला, “ज्याचं बरोबर, त्याच्याकडे यंदाची टिपणी.”

वामन चिडला. आकडे हिला शिकवले कुणी? त्यानेच! त्याचं उत्तर आलं अकरा ते सतरा. मग तो तिच्या चिखलातल्या आकड्यांवर तुटून पडला आणि त्याला हवं ते सापडलं.

“पयलीच बेरीज चुकली! नऊ जास्त!”

पुतळा लाजेने लाल झाली. “मंग पुढच्या सगल्याच नऊनं जास्त. मोठी हाय ती मोठीच र्‍हाते.”

शेठला ते काही कळलं नाही. चूक ती चूक, असं म्हणून त्याने चक्की अकराव्या वाफ्यापाशी लावायला सांगितली. वामनला इतका आनंद झाला, की त्याचीच त्याला लाज वाटायला हवी होती.

दुपारी भाकरी वाढताना पुतळा हळूच म्हणाली, “तुमचे अकराचे बेरजेन हातचा दोनदा धरलाव. दहा जास्त हायेत, म्हनून ती मोठी दिसली. मानसांदेखत नाय बोलले.”

त्याने बेरजांचा कागद उलगडला. खरंच होतं. हिने चूक पाहिली, आणि वर झाकलीही! तिने चारचौघांत तोंडावर फेकली असती, तर निदान भांडता तरी आलं असतं.

समोर गडी चक्कीच्या खुंट्या घेऊन अकराव्या वाफ्याकडे निघाले होते. अजून वेळ होता. पुतळा त्याच्याकडे बघत राहिली.

वामन उठला, भराभर चालत गेला आणि गड्याच्या हातातली मोगरी घेऊन अकराव्या वाफ्यापाशी पहिली खुंटी त्यानेच ठोकली.